विनाथांबा भिंत

रागिणी उद्या सकाळी येणार होती. ती आजच संध्याकाळी आली, आणि संध्याकाळ ही त्या भिंतीची सर्वांत वाईट वेळ होती.

सकाळी भिंत बरी दिसे. दुपारी पडदे ओढलेले असत तेव्हा तर चांगलीच दिसे. पण जठारपेठेतल्या इंगळ्यांच्या घराची पुढची खोली पश्चिमेला उघडते. ऊन कललं की खिडकीतला उजेड लांब भिंतीला घासत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जातो, आणि मग लपवण्यासारखं काही उरत नाही. बंडूची बायको शालू नेमकी त्याच वेळी खुर्चीवर चढून भिंतीवर चादर टांगायच्या खटपटीत होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चादर खाली पडली. बंडूने एका क्षणात निर्णय घेतला आणि हात पसरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"जय भीम, बाबा," रागिणीचा नवरा विपुलराव दारातूनच म्हणाले. उद्याच्या बुद्ध पौर्णिमेसाठी शिवलेला नवा पांढरा झब्बा त्यांनी आजच घातला होता.

"जय भीम, या," दिवाणावरून पुंजाजी म्हणाले. "उद्या येनार होते ना तुमी?"

"होतो. पण हिला धीर निघाला नाही."

रागिणीने चपला काढल्या, बापाच्या पाया पडली आणि भावाकडे पाहिलं.

"बंडू, सरक."

"ताई, आधी पानी तं घे."

"पानी घेतो. तू सरक."

बंडू बावन्न वर्षांचा होता आणि पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता. साहेबांनी सांगूनही तो लवकर सरकत नसे. पण मोठ्या बहिणीसमोर सरकला.

भिंत फिकट पिस्ता रंगाची होती. निदान डब्यावर तरी तसं लिहिलं होतं. दाराकडचा भाग पाणचट होता, तिथून मागची जुनी भिंत डोकावत होती. आतल्या टोकाला रोलरचे उभे पट्टे दिसत होते, वखरलेल्या वावरासारखे. बरोबर मध्यभागी वरपासून खालपर्यंत एक जाड, गडद रेघ होती. आणि या सगळ्यावर जागोजागी ब्रशचे चकाकणारे ठिपके होते, कारण भिंत अर्धवट वाळलेली असताना बंडूला दुरुस्तीची हुक्की आली होती.

रागिणी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. शालूला त्या गप्प राहण्याची भीती वाटली. नणंद बोलत असली की तिला उत्तर देता येई.

"सुंदर हाय ना?" पुंजाजी म्हणाले. त्यांची सारी नोकरी एसटीत, अकोला-अमरावती गाडीवर कंडक्टर म्हणून गेली होती, आणि गेले दोन दिवस ते ही भिंत वाचत पडले होते. "हे दाराशी अकोला. हे ठिपके म्हंजे बोरगाव मंजू. हे पट्टे बडनेऱ्याकडचे. अन् ही रेघ पाय, हे मूर्तिजापूर. अठी गाडी अर्धा तास थांबली होती."

"कावून थांबली?"

"रस झाला होता," पार्बताबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती पुंजाजींची थोरली बहीण. हिवरखेडहून आंब्यांची टोपली घेऊन आली होती आणि ती संपेपर्यंत जाणार नव्हती. "रस काढून ठेवला का काया पडते. पोया निवते. भित कुठं पयून चालली होती?"

हे खरं होतं. भिंत कुठे पळून गेली नव्हती. बंडूने दाराकडून आणि शालूने आतल्या टोकाकडून सुरुवात केली होती, कारण दुसरा हळू काम करतो असं दोघांचंही मत होतं. दोघे मध्यावर भेटणार तोच आत्याची हाक आली. रसपोळी खाऊन, हात धुऊन परत येईपर्यंत दोन्ही कडा वाळल्या होत्या. त्यांवरून पुन्हा रोलर फिरला आणि तिथे रंगाचे दोन थर झाले. शिवाय दाराशी कूलर आणि डोक्यावर पंखा, दोन्ही जोरात चालू. अकोल्यात मे महिन्यात कूलर बंद करून कोणी काम करत नाही. तसं कोणाला सुचतही नाही.

"होळीले काय ठरलं होतं?" रागिणी म्हणाली.

शालूने मान खाली घातली. होळीला याच भिंतीचा पोपडा रागिणीच्या चहात पडला होता. तो चमच्याने काढून तिने बशीत ठेवला आणि सांगितलं होतं, पौर्णिमेपर्यंत खोली सुधारली नाही तर बाबांना अमरावतीला नेणार. सासूबाई गेल्यापासून ही तिची तिसरी मागणी होती, पण मुदत पहिल्यांदाच घातली होती.

"बाबा," रागिणी म्हणाली, "बॅग भरा."

* * *

बंडूला भांडण करता येत नसे. तो खुलासा करत असे.

"पोपडे गेले का नाई? मुद्दा पोपड्याचा होता. आता एक बी पोपडा दाखव."

"पोपडे गेले अन् नकाशा आला."

"नकाशा काय चहात पडते?"

"बंडू, आई असती तं हे तिनं खपवून घेतलं असतं का?"

हे लागलं. बंडूने मदतीसाठी आत्याकडे पाहिलं. पार्बताबाई दोन दिवस त्याच्या बाजूने होती. "बाप पोराकडंच शोभते," असं तिने शेजारणींनाही सांगून ठेवलं होतं.

"जाऊ दे ना बाबू," पार्बताबाई आता म्हणाली. "रागिणीकडं लिफ्ट हाय. पुंजाचे गुडघे किती दुखते. मी बी जाईन मंग चार दिस."

"आत्या, तू तं आमच्याकडून होती."

"मी ज्याच्याकडं रस असते त्याच्याकडून असतो. तुमचे आंबे सरत आले."

विपुलरावांना वातावरण निवळावं असं मनापासून वाटलं. ते चांदूर बाजारच्या कॉलेजात इतिहास शिकवत, आणि घरात शांतता नांदावी म्हणून त्यांनी आजवर जे जे केलं होतं त्याने ती मोडलीच होती.

"तसं बाबांची खोली छान तयार आहे," ते म्हणाले. "आम्ही दोघांनीच रंगवली. एका रविवारी."

"अहो," रागिणी म्हणाली.

"तुमी?" शालूची मान वर आली. "रंगारी नाई?"

"नाही नाही, स्वतः. आणि कपाट ठेवल्यावर काहीच दिसत नाही."

शालू खुर्ची ओढून विपुलरावांसमोर बसली.

"कोन्तं कपाट?" शालूने गोड आवाजात विचारलं. "फोटो असन ना, जावई?"

फोटो होता. रागिणीने हात पुढे केला, पण फोन तोवर शालूकडे आणि तिच्याकडून बंडूकडे पोचला होता. अमरावतीच्या साईनगरातली खोली, नवी गादी, खिडकीला पडदे. कपाट मात्र कोपऱ्यात नव्हतं, दाराशेजारी नव्हतं. ते लांब भिंतीच्या ऐन मध्यावर उभं होतं, चौकातल्या पोलिसासारखं. आणि तरीही त्याच्या डोक्यावरून एक गडद रेघ छतापर्यंत गेलेली होती.

पुंजाजींनी चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ धरला.

"हे बी मूर्तिजापूर," ते म्हणाले.

प्रथम शालू फुटली. मग बंडू. तो हसायला लागला की त्याचा आवाज बंद होत असे, नुसते खांदे हलत. रागिणीने गंभीर राहायचा निश्चय केला होता, पण नेमका तेव्हाच तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता. पाणी नाकातून आलं आणि विपुलरावांच्या नव्या झब्ब्यावर पडलं.

"तिथं कोन्ता रस होता?" पार्बताबाईने खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"सिलिंडरवाला आला होता," विपुलराव म्हणाले. "आणि पंखा पाचवर होता. दुकानदाराला फोटो दाखवला तेव्हा त्याने हिला सगळं समजावून सांगितलं. मग पुन्हा करायचा कंटाळा आला. म्हणून कपाट."

"म्हंजे ताईले मालूम हाय, कसं सुधराचं ते," शालू म्हणाली.

हसणं थांबलं. सगळ्यांनी रागिणीकडे पाहिलं, आणि मग पुंजाजींकडे, कारण ते उठून बसले होते. गाडीत दोन प्रवासी एकाच जागेसाठी भांडू लागले की ते असेच सावकाश उठत.

"आयका," ते म्हणाले. "उद्या संध्याकायी वंदना. तसबिरी याच भितीवर चढतीन. त्याच्या आधी, याच उजेडात, मी पाह्यतो. भित सारखी दिसली तं मी अठीच राहीन. रेघ दिसली तं रागिणीच्या गाडीत बसीन. मंग कोनी तोंड पाडाचं नाई."

"अन् रंगवन कोन?" बंडूने विचारलं.

"तू अन् रागिणी."

"बाबा," रागिणी म्हणाली, "म्हंजे मीच माह्या पायावर धोंडा पाडू?"

"पाड नं. पन सारखा पाड, रेघ उठू नको देऊ."

अंधार पडेपर्यंत काम चाललं. वरून आणखी एक हात मारला की झालं, असं बंडूचं म्हणणं होतं. रागिणीने त्याचं बोट धरून त्या जाड रेघेवरून फिरवलं. "लागली का कडा? वरून मारलं तं ही कडा तशीच वर येते. आधी घास." मग बारीक पॉलिशपेपरने दोघांनी रेघ घासली, पट्टे घासले, ठिपके घासले. ओल्या फडक्याने धूळ पुसली. जिथे घासताना पुट्टी उघडी पडली तिथे प्रायमरचा पातळ हात दिला.

मग उरलेल्या रंगाच्या दोन बादल्या आल्या.

"तुह्या बादलीत पानी किती?"

"अंदाजानं," बंडू म्हणाला.

"अन् शालूच्या?"

"तिच्या अंदाजानं."

रागिणीने कपाळाला हात लावला. तिने सगळा रंग एकाच मोठ्या बादलीत ओतायला लावला, डब्यातला उरलेला दाट रंगही त्यात घातला आणि खालपर्यंत काठी घालून ढवळला. पार्बताबाईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून तो गाळायचं काम विपुलरावांकडे आलं. फडक्यात रंगाची जाड साय राहिली.

"रंगाले बी साय येते व?" पार्बताबाई म्हणाली.

"येते," रागिणी म्हणाली. "अन् तीच भितीवर गेली का गाठी होते."

बंडूने बहिणीकडे पाहिलं. भिंत चांगली झाली तर ती हरणार होती, तरी जीव लावून काम करत होती. त्याला एकदम संशय आला, की हिला उद्या नेमक्या वेळी काहीतरी करायचं आहे.

* * *

उजाडल्याबरोबर कूलर बंद झाला. मग पंखाही.

या घरात मे महिन्यात ही दोन्ही एकदम बंद होतात ती फक्त वीज गेल्यावर. बंडूचा हात सवयीने दोनदा बटणाकडे गेला आणि शालूने दोनदा त्यावर चापट मारली. खिडकी आणि दारावर ओल्या चादरी टांगल्या होत्या, म्हणजे रंग पटकन वाळणार नाही. थोड्याच वेळात खोलीत इडल्या लावाव्यात अशी वाफ झाली.

रागिणी स्टुलावर ब्रश घेऊन. छताखालची कड तिने आधी मारायची, आणि ती ओली असतानाच बंडूने रोलरने खालचा पट्टा भरायचा. ओल्या कडेला ओला रंग भिडला पाहिजे, सगळी गोष्ट एवढीच होती. शालूकडे रंगाचा ट्रे. विपुलराव स्टूल सरकवायला, बायको वर असताना. पुंजाजी आतल्या दारात खुर्चीवर, हातात स्टीलचा पेला आणि चमचा.

"ही गाडी अकोल्याहून निघते ते डायरेक्ट अमरावती," ते म्हणाले. "विनाथांबा. कोनाले पानी, लघवी, फोन, काय असन ते आता. मंग नाई."

पुंजाजींनी पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. टण टण.

गाडी निघाली. पहिल्या चार पट्ट्यांत बंडू आणि रागिणीचा मेळ बसेना. ती पुढे जाई, तो मागे राही. "ताई, हयू." "तूच लवकर ये, कड सुकते." मग कधीतरी मेळ बसला. ब्रश आडवा, रोलर वर, रोलर खाली, स्टूल पुढे. घाम बंडूच्या भुवयांवरून गळत होता, आणि रागिणीच्या ब्रशवरून एक थेंब त्याच्या टकलावर पडला तो त्याने पुसला नाही. विपुलरावांचा झब्बा आता पांढरा म्हणता आला नसता.

"बोरगाव गेलं," पुंजाजी म्हणाले.

शालूला हसू फुटलं. तिने ट्रे घट्ट धरला आणि ओठ चावले. पण ते हसू तिच्याकडून बंडूकडे गेलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

"हसू नको, रोलर हलते," रागिणी वरून म्हणाली, आणि तिचं स्टूल हलायला लागलं, कारण खाली विपुलरावही हसत होते.

"खीर लागून राहिली व," आतून पार्बताबाईची हाक आली. "कोनी या अन् ढवया. माह्याच्यानं पातेलं उतरत नाई."

सगळे क्षणभर थिजले. पौर्णिमेची खीर होती. शालूने सासऱ्याकडे पाहिलं. या घरात पुंजाजींनी अन्न वाया जाऊ दिल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. एसटीच्या संपातही त्यांनी शिळ्या भाकरीचा कुटका करून खाल्ला होता.

"लागू दे," पुंजाजी म्हणाले.

"काय म्हनं?"

"लागू दे म्हनं बाई. गॅस बंद कर, का तूच ढवय."

आतून पळीचा रागारागाचा आवाज यायला लागला.

आणि भिंतीचा मध्य आला. रागिणीला तो खालच्या फरशीवरून कळला. इथेच परवाची रंगाची गळती सुकून राहिली होती. बंडूचा रोलर कोरडा पडून किरकिरला. त्याने तो ट्रेमध्ये बुडवला, पण उचलला नाही. त्याचा उजवा खांदा खाली आला होता, तोंड लालबुंद झालं होतं. त्याने वर बहिणीकडे पाहिलं.

"ताई, दोन मिन्टं दम घेऊ का?"

त्याने खरंच विचारलं होतं. ती हो म्हणाली असती तर तो खाली बसला असता, आणि कोणी तिला बोल लावला नसता. दोन मिनिटांत कड सुकली असती. संध्याकाळच्या उजेडात तिथे रेघ उठली असती, आणि उद्या बाबा साईनगरच्या गॅलरीत तिच्यासोबत चहा प्यायले असते. तिला तो चहा दिसला. आई गेल्यापासून तिला तो रोज दिसत होता.

खाली बंडू वाट पाहत होता. लहानपणी सायकल शिकताना तो असाच पाहायचा, ती मागून सोडेल की काय म्हणून.

"मूर्तिजापूरले थांबत नाई ही गाडी," रागिणी म्हणाली. "शालू, रोलर तू घे. बंडू, ट्रे धर. चला."

रोलर हातातून हातात गेला. कड ओलीच होती.

* * *

संध्याकाळी पुंजाजींनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि खुर्ची टाकून एकटेच बसले. भिंतीवर पुन्हा ब्रश लावायला बंडूला बंदी होती. तो दुपारभर हात मागे बांधून फिरला होता.

ऊन कललं. उजेड खिडकीतून आत आला आणि भिंतीला घासत निघाला. दाराशी अकोला नव्हतं. बोरगाव नव्हतं. मध्यावर उजेड कुठेही अडला नाही. तो सरळ शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

पुंजाजींना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उलट ओळखीचं गाव पुसलं गेल्यासारखं थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. नोकरीभर ते अकोल्याहून अमरावतीला आणि अमरावतीहून अकोल्याला गेले होते. दोन्ही डेपोंचं त्यांना कधी विशेष काही वाटलं नव्हतं. त्यांना आवडायची ती मधली गाडी, दाटून भरलेली, एकमेकांच्या अंगावर रेलून भांडणारी. आज सकाळी, वाफेने भरलेल्या या खोलीत, ती त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा भेटली होती.

"या," त्यांनी हाक मारली.

सगळे आले. बंडूने भिंत पाहिली आणि लगेच नजर बहिणीकडे वळवली. रागिणी भिंतीकडेच बघत होती.

"सारखी हाय," ती म्हणाली. "बाबा, बॅग नका भरू."

शालूने तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

तसबिरी चढल्या. शेजारपाजारचे पांढऱ्या कपड्यांत आले, त्रिशरण-पंचशील झालं. खीर थोडी लागली होती. पार्बताबाईने प्रत्येकाला वाटी देताना ती कोणामुळे लागली हे सांगितलं.

सकाळी रागिणी निघाली तेव्हा पुंजाजी बॅग घेऊन ओट्यावर उभे होते. बंडूचा चेहरा उतरला.

"बाबा, भित तं सारखी होती."

"होती ना."

"मंग बॅग?"

शालूने बॅग हातात घेतली. ती हलकी होती. तिने चेन उघडली. आत धुतलेला रोलर होता, ब्रश, पॉलिशपेपर, स्टीलचा पेला, चमचा, आणि कपड्यांचा एकच जोड.

"एकच?" तिने विचारलं.

"एका भितीले किती लागते?" पुंजाजी म्हणाले. "रागिणीचं मूर्तिजापूर राह्यलं ना. कपाट सरकवाले मानसं लागतीन. बंडू, तुही सुट्टी हाय का नाई? बस."

"अन् भित झाली का?" रागिणीने विचारलं.

"वापस."

"बाबा, माह्या घरी आनखी दोन खोल्या हायेत."

"त्याईची बी तब्येत पाहू."

विपुलराव गाडी चालवायला बसले. बंडू पुढे. मागे पुंजाजी, रागिणी आणि शालू. दार लागणार एवढ्यात पार्बताबाई खिरीचा डबा आणि रिकामी टोपली घेऊन आली आणि शालूला ढकलत आत शिरली.

"मले हिवरखेडले सोडून द्या जाता जाता," ती म्हणाली.

हिवरखेड बरोबर उलट्या दिशेला आहे हे त्या गाडीत सगळ्यांना माहीत होतं, तिला सर्वांत जास्त. पुंजाजींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर दोन थापा मारल्या.